पाचशे मेंढरांचा दंड

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि नोकरी मिळाली ती नेमकी खुर्चीवर बसायची. इंदापूर तालुक्यातल्या एका लहानशा लाइट ऑफिसात मी बिलं भरून घेणारी क्लार्क होते. राहायला बारामतीत. सकाळची एसटी पकडायची, संध्याकाळी साडेपाचची परत पकडायची आणि मधला सगळा वेळ गजांच्या खिडकीमागे काढायचा. कारखाना सुरू झाला की दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर रस्त्यात पुढे असायचा आणि एसटी त्याच्या मागून रांगायची. मी सीटवर बसून पाय हलवत राहायचे. शेजारची एक म्हातारी एकदा म्हणाली, "पोरी, तुझ्या पाय हलीवल्यानं गाडी पळती व्हय?" मी थांबवले. लासुर्णे यायच्या आत पुन्हा सुरू.

खुर्चीच्या मागे भिंतीवर एक लाकडी फळी होती आणि फळीवर खिळ्यांच्या ओळी. ज्याचं बिल फार थकलं त्याच्या खांबावरची फ्यूजची पांढरी चिनी मातीची ग्रिप वायरमन काढून आणायचा, तिला ग्राहक क्रमांकाची चिठ्ठी बांधायचा आणि खिळ्याला टांगायचा. थकबाकी, उशिराचा दंड आणि पुन्हा जोडणीचा आकार असं सगळं भरलं की मी चिठ्ठी द्यायची, ग्रिप परत खांबावर जायची आणि त्या घरात दिवा लागायचा. हे नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं. तेव्हा आमच्याकडे संगणक नव्हता, त्या फळीकडे पाहिलं की तालुक्याच्या त्या कोपऱ्यात कोण अंधारात आहे ते कळायचं. मी तिच्याकडे पाठ करून बसायचे, आणि पाठीला स्वस्थता नसायची.

राग यायचा तो जोडणीच्या आकाराचा. तो सगळ्यांना सारखा. कॅनॉलच्या कडेला ज्यांचा ऊस दहा-दहा एकर उभा होता, ते बिल भरायला विसरायचे आणि मग ड्रायव्हरच्या हाती नोट पाठवायचे. ड्रायव्हर सुट्टे परत घ्यायलाही थांबायचा नाही. आणि कोरडवाहू पट्ट्यातली खुरपायला जाणारी बाई तोच आकार भरायला आली की पदराची गाठ सोडायची, मोजायची, पुन्हा बांधायची आणि म्हणायची, "पुढल्या बाजारी येते." ती पुढल्या बाजारी यायची नाही. जुने साहेब म्हणायचे, "बाई, खांबावर चढायला वायरमनला दोघांकडं सारखेच कष्ट पडतात." बरोबर होतं त्यांचं. पण मला ते पटायचं नाही.

न पटायचं कारण घरचं होतं. मी लहान असताना आमच्याकडची लाइट एकदा कापली गेली. बिल कसंबसं भरलं, पण जोडणीचे पैसे नव्हते, म्हणून महिनाभर तशीच राहिली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बल्ब गेलाय." महिनाभर एकच बल्ब गेलेला. शेजारणीने शेवटी नवा बल्ब आणून दिला, तेव्हा आईचा चेहरा झाला होता तो मी विसरलेले नाही.

मग नवे साहेब आले. तरुण, सरळ आणि माझ्यासारखेच घाईचे. त्यांच्यापुढे मी हा विषय काढला, एकदा नाही, दहादा काढला. दंड आणि जोडणीचा आकार घराच्या उत्पन्नाप्रमाणे का नसावा? गरिबाला नावापुरता, मधल्याला आहे तेवढा, आणि ज्याच्याकडे आहे त्याला दुप्पट. शेवटी कंटाळून म्हणा की पटून म्हणा, त्यांनी वरून कागद आणला. दोन महिने, प्रयोग म्हणून, फक्त आपल्या ऑफिसापुरतं. अर्जाचा नमुना मी करायचा.

तो नमुना मी एसटीत बसून केला. गुडघ्यावर वही ठेवून, उसाच्या ट्रॅक्टरमागे. घरात माणसं किती, जमीन किती, पाणी आहे का, नोकरीला कोणी आहे का. एवढ्यावर माझं समाधान होईना. आमच्या भागात संकरित गाई बाळगणारे होते, दुधाचे पैसे दर आठवड्याला घरात यायचे आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर त्याचा मागमूस नसायचा. त्यांना पकडायचं म्हणून मी जनावरांचा रकाना घातला. गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या. अमुक गाईंच्या वर असतील तर दुप्पट आकार. मेंढ्यांपुढे काय लिहावं ते सुचेना. शंभराच्या वर म्हणजे मोठंच घर, असं वाटलं आणि तसं लिहिलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आमचा वायरमन मोरगावकडचा होता. वयाने मोठा, तोंडाने फटकळ. नमुना वाचून तो म्हणाला, "बाई, तुमी उंटावरनं शेळ्या हाकताय."

"का?"

"वस्तीवर येऊन बगा एकदा. कोण काय सांगतंय आन का सांगतंय."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, याला खांबावर चढणं ठाऊक, योजना काय ठाऊक.

पहिल्याच आठवड्यात कॅनॉलकडचे एक तात्या स्वतः आले. एरवी ड्रायव्हर पाठवणारे. धुवट कपडे, काखेत फाइल. खिडकीशी वाकून म्हणाले, "गरिबासाठी काय सवलत निघालीया म्हणं?"

मी म्हटलं, "तात्या, तुमचा बंगला रस्त्यावरून दिसतो."

"बंगला आमच्या आईचा. जमीन चौघांत वाटलीया, हा सातबारा. गाया सुनंच्या नावावर. नोकरी कुणाला न्हाय. आन हा उत्पन्नाचा दाखला." एकेक कागद त्यांनी गजांतून आत सरकवला. एकही खोटा नव्हता. त्यांना नावापुरता आकार बसला. जाताना म्हणाले, "चांगली योजना हाय. चालू ठिवा." त्यांची ग्रिप मी खिळ्यावरून काढली आणि वायरमनच्या हाती दिली. 

त्याच आठवड्यात ती आली. साठीची असेल. कपाळावर मोठं कुंकू, गुडघ्यावर हात टेकत चालणारी. पाच वाजून गेले होते, माझी पर्स खांद्याला होती आणि मी उभ्या उभ्या ड्रॉवरला कुलूप लावत होते. थकबाकीचे पैसे तिने आणले होते. दंड आणि जोडणी किती पडेल ते विचारायचं होतं. मी म्हटलं, "मावशी, उद्या या." ती म्हणाली, "उद्या कुठनं येऊ, बाई? आन पिलं हायत घरात."

कसली पिलं ते तिनेच सांगितलं. तिचं घर मेंढरांच्या मागे जाणारं. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं आणि ज्येष्ठात परत यायचं. मधले सात-आठ महिने घराला कुलूप. त्या महिन्यांत बिलं दाराच्या फटीतून आत पडायची आणि त्यांच्यावर दंड चढायचा. घरात दिवा नाही, माणूस नाही, तरी दंड. या वर्षी तिच्या गुडघ्यांनी चालायला नकार दिला, म्हणून जन्मात पहिल्यांदा ती मागे राहिली. एकटीला काही धंदा हवा म्हणून मुलाने जाताना कोंबड्यांची साठ पिलं आणून दिली. पिलं डालग्याखाली, पालथ्या टोपलीखाली, ठेवायची आणि वर बल्ब लावायचा, त्या उबेवर ती जगतात. आणि आमच्या वायरमनने चार दिवसांपूर्वी, जुन्या थकबाकीच्या यादीवरून, तिची ग्रिप काढून आणली होती. थंडीचे दिवस.

मी घड्याळाकडे बघत अर्ज काढला. असंच कोणीतरी येईल म्हणून तर तो केला होता. मी भराभर विचारत गेले आणि लिहीत गेले. जमीन? दोन एकर, माळाची. पाणी? न्हाय. नोकरी? न्हाय. गाई? न्हाय.

"मेंढरं किती?"

ती एकदम ताठ झाली. "पाचशे हायत आमची. बिरोबाची किरपा."

मी पाचशे लिहिलं. तिचा अंगठा घेतला, अर्ज साहेबांच्या ट्रेमध्ये टाकला आणि एसटीकडे पळाले. रकान्यापुढे मी स्वतः काय ठरवलं होतं, ते आठवलं एसटी निमगाव ओलांडून गेल्यावर. उद्या बघू, असं म्हणून मी पाय हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसला पोचायला उशीर झाला. साहेबांनी गठ्ठ्यावर सह्या केल्या होत्या आणि शिपाई त्याच बाजूला निघाला होता म्हणून तिच्या आकाराची चिठ्ठी घेऊनही गेला होता. दुप्पट आकार, दुप्पट दंड. जुना नियम असता तर याच्या निम्मं भरून ती मोकळी झाली असती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती सुळी मी स्वतः, वहीत आखून, तयार केली होती.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "सही झालेला आकडा मी कसा बदलू? उद्या प्रत्येक जण येऊन बदला म्हणेल. तिला नवा अर्ज द्यायला सांगा, खरा आकडा असेल तर तिनं तो सांगावा." तेही चूक नव्हते. त्या दोन महिन्यांत कोणीच चूक नव्हतं, हेच मला सोसत नव्हतं.

रविवारी मी तिच्या वस्तीवर गेले. एसटीतून उतरून माळावरून तासभर चालले. ती अंगणात उन्हात बसली होती आणि डालगं उचलून पिलांना ऊन देत होती. तिने मला ओळखलं, पाणी दिलं, गूळ दिला. पिलं निम्मी राहिली होती. ऊन कललं की ती निखारे मडक्यात घालून डालग्याशेजारी ठेवायची आणि वर घोंगडी टाकायची. पण पहाटेला निखारे विझतात. मेलेली पिलं तिने परसात पुरली होती आणि वर काटे टाकले होते.

मी सरळ मुद्द्यावर आले. "मावशी, पाचशे मेंढरं तुमच्या एकटीची?"

"आमची म्हंजी आमच्या चार घरांची. एकत्रच चालत्यात."

"मग तुमच्या घरची किती?"

ती पिलांना कण्या टाकत राहिली. मी पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "मेंढरं वाटंवर असताना तोंडानं वाटणी करू न्हाय, बाई. तोंडानं वाटली की घाटात वाटली जात्यात. कुणाची लांडग्यानं नेली, कुणाची रोगानं गेली, मंग बायामाणसं एकमेकींच्या तोंडाकडं बगत्यात. परत येईस्तवर सगळी सगळ्यांची."

"पण हे फक्त कागदावर आहे."

"कागुद तर लई वाईट. बोललेलं इसरून तरी जातंय."

माझा तोल सुटला. मी म्हटलं, "तुमची पिलं मरताहेत आणि तुम्ही शकुन बघताय? एक आकडा सांगा, नुसता एक आकडा. मी लिहिते, अंगठा द्या, परवा दिवा लागेल." एवढ्या मोठ्या बाईवर मी आवाज चढवला, तिच्याच अंगणात, तिचा गूळ खाऊन.

ती चिडली नाही. म्हणाली, "माझं पोरगं घाटाखाली हाय. सून हाय, नातू घोड्यावर हाय. पिलांपायी त्यांच्यावर आकडा टाकू व्हय?"

तेव्हा मी एक वचन दिलं. म्हटलं, "बरं. आता आहे तेवढं भरा. मेंढरं परत आली की येऊन खरा आकडा सांगा, जादा घेतलेलं मी तुम्हाला परत मिळवून देईन." ती म्हणाली, "मिळतंय तसं?" मी म्हटलं, "मी आहे ना."

एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. ते पैसे मी स्वतः भरू शकले असते. एका बऱ्या साडीचे पैसे होते. दुसऱ्याच दिवशी, तिच्या ग्राहक क्रमांकावर, गुपचूप. येताना माळावरून चालत असताना ते मनात आलंही होतं. पण मला ते कागदावर बरोबर व्हायला हवं होतं. माझ्या योजनेने तिला न्याय द्यायला हवा होता. पर्समध्ये पैसे असताना मी योजनेची अब्रू सांभाळत बसले, आणि तिकडे डालग्याखाली रोज दोन-तीन पिलं जात होती.

बुधवारी ती खिडकीशी आली. पूर्ण दुप्पट रक्कम घेऊन. मी विचारलं, "कुठून आणले?"

"पिलं इकली. शेजारच्या वस्तीवर लाइट हाय, तितं दिली."

"अहो, मग दिवा कशाला?"

"पाचशे मेंढरांच्या घरचा दंड हाय, बाई. ठिवून कसं चालंल?" तिने नोटा आत सरकवल्या. पावती दोनदा घडी घालून पदराच्या टोकाला बांधली. मी तिची ग्रिप खिळ्यावरून काढली. वायरमनने संध्याकाळी येऊन सांगितलं, "लागला दिवा. रिकामं डालगं पालथं घालून ठिवलंय म्हातारीनं."

दोन महिने संपले. प्रयोगाचा अहवाल साहेबांनी लिहिला. सवलत घेणाऱ्यांत कोण होते ते त्यात होतं, दुप्पट भरणाऱ्यांत कोण होते तेही होतं. वरून उत्तर आलं की पूर्वीप्रमाणे सर्वांना समान आकार लावावा. साहेबांची बदली झाली. मला कोणी काही बोललं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं मीच चारचौघांत म्हणायचे आणि हसायचे, म्हणजे दुसऱ्या कोणी म्हणू नये.

ज्येष्ठात एके दिवशी ती आली. सोबत मुलगा होता. उन्हाने करपलेला, तांबडं मुंडासं, दाराबाहेरच उभा राहिला. ती खिडकीशी आली, गज धरले आणि म्हणाली, "आता लिवा, बाई. एकेचाळीस हायत आमच्या घरची. घाटात एक बी गेलं न्हाय."

तिने पदराची गाठ सोडली आणि तीच पावती काढली, घड्यांवर विरलेली. "जादा घेतलेलं परत देते म्हणला हुता तुमी."

परत द्यायला कुठलंच खातं नव्हतं. प्रयोग नव्हता, रकाना नव्हता, साहेब नव्हते. मी ड्रॉवर उघडून एक उरलेला कोरा अर्ज काढला, त्यावर एकेचाळीस लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. मग पर्स उघडली आणि मोजून नोटा गजांतून बाहेर सरकवल्या. म्हटलं, "हे घ्या, मावशी. ऑफिसनं मंजूर केलेत."

तिने नोटा हातात घेतल्या. उलटून-पालटून पाहिल्या.

"पावती?"

"पावती लागत नाही याला."

"घेताना दिली की तुमी. देताना का न्हाय?" तिने दाराकडे पाहिलं. "त्यो इचारंल. बाईकडनं मागून आणलं म्हणंल."

"मी सांगते त्याला."

"तुमी नगा सांगू. आफिसनं सांगाया पायजे." तिने नोटा नीट जुळवल्या आणि खिडकीतून परत आत ठेवल्या, माझ्या अर्जावर, एकेचाळीसच्या आकड्यावर. "आफिस देईल तवा घीन. अर्ज ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी." पावतीची पुन्हा घडी घातली, गाठ मारली आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ती पायऱ्या उतरली.

त्या दिवशी साडेपाचची एसटी माझी चुकली. मी पळालेच नाही.

पुढच्या ज्येष्ठात मेंढरं परत आली आणि ती पुन्हा आली. तीच पावती, तोच पदर. गज धरून म्हणाली, "औंदा शेचाळीस हायत, बाई. लिवा."